शंभर डॉलरची मालकीण : नेपरव्हिल ते ईगन, चार दिवस

गुरुवार, २१ जुलै २०२२. नेपरव्हिल ते विस्कॉन्सिन डेल्स

शिकागोजवळच्या नेपरव्हिलहून निघायचं ठरलं होतं अकराला, निघालो अडीचला. कारण आई. चार दिवसांच्या प्रवासासाठी तिने थालीपिठं, दशम्या, लसणाची चटणी, दाण्याचं कूट असं सगळं बांधून घेतलं आणि गाडी सुरू करणार एवढ्यात पुन्हा घरात जाऊन साबुदाण्याचा डबा आणला. "हा कशाला?" म्हटलं, तर म्हणाली, "रविवारी एकादशी हाय. तुला ठावं नसणारच."

नव्हतंच ठावं.

गाडी मी चालवणार. शेजारी नकाशा आणि गाणी सांभाळायला चौदा वर्षांची लेक. मागच्या सीटवर आई आणि तिचे डबे. नवऱ्याला सुट्टी नव्हती, त्यामुळे तो घरीच. "मी मागं बसतो, मला पाय सोडता येत्यात," असं आई म्हणाली आणि लेकीने आरशातून माझ्याकडे पाहिलं. आई मे महिन्यात इथे आली तेव्हा पहिले आठ दिवस लेक तिला सुधारत होती. आजी, 'बसतो' नाही, 'बसते' म्हणायचं. मी इतक्या मेहनतीने रविवारच्या मराठी शाळेत पाठवून शिकवलेलं व्याकरण! शेवटी आईनेच निकाल लावला. "कोल्हापुरात बायका बी बसतोच म्हणत्यात. तुझी आई लग्नानंतर बसते म्हणायला लागली."

तर प्रवास कशासाठी? शनिवारी मिनेसोटातल्या ईगन गावात यूएसएल डब्ल्यू लीगची फायनल आहे. बायकांच्या फुटबॉलची ही लीग यंदाच सुरू झाली. २० राज्यांतल्या ४४ टीम, सात विभाग, मे ते जुलै असा आटोपशीर हंगाम. फायनलला एका बाजूला जॉर्जियातल्या स्टेट्सबरोची साउथ जॉर्जिया टॉरमेंटा आहे आणि दुसऱ्या बाजूला मिनेसोटा ऑरोरा. त्या ऑरोराची मी मालकीण आहे.

थांबा, हसू नका. कागदोपत्री खरंच आहे. लग्नानंतरची पहिली पाच वर्षं आम्ही ईगनमध्ये काढली. गेल्या वर्षी तिथल्या मैत्रिणीचा फोन आला की काही मंडळी बायकांची फुटबॉल टीम काढतायत आणि पैसे कुणा एका शेठकडून न घेता लोकांकडून उभे करतायत, कमीत कमी शंभर डॉलर. मी शंभर घातले. नवरा म्हणाला, बुडाले समज. बघता बघता दहा लाख डॉलर जमले आणि मालक झाले ३,०८०. टीमचं नाव काय ठेवायचं, हेसुद्धा मालकांनी मतं देऊन ठरवलं. ऑरोरा म्हणजे उत्तरेकडच्या आकाशात दिसणारा तो हिरवा-निळा प्रकाश. टीमचे कपडेही त्याच रंगांचे.

रॉकफर्ड मागे पडल्यावर हे सगळं आईला सांगितलं. मका डोक्याच्या वर गेलेला, दोन्ही बाजूंना दुसरं काही नाही, त्यामुळे सांगायला वेळ भरपूर होता. समभाग, गुंतवणूक, संचालक मंडळावर मालकांनी निवडून दिलेली माणसं, असं बरंच बोलले. आईने दशमीचा तुकडा मोडता मोडता ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजे वर्गणी काढली."

मी 'तसं नाही गं' म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. तसंच आहे की.

आईचं माहेर मंगळवार पेठेतलं. म्हणजे पाटाकडील तालीम मंडळ, म्हणजे पीटीएम. कोल्हापूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवं की आमच्याकडे फुटबॉल हा तालमींचा आणि पेठांचा खेळ आहे. पाटाकडील, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस. टीम कंपनीची नसते की शेठची नसते, ती गल्लीची असते. गणपतीला वर्गणी देणारं घर फुटबॉलच्या टीमलाही देतं. शिवाजी पेठेतली मुलगी मंगळवार पेठेत दिली तर मॅचच्या दिवशी जावई आणि सासरा एकमेकांशी बोलत नाहीत, असं म्हणतात. आमच्या घरात तसं झालेलं मी पाहिलेलं आहे. माझा मामा पाटाकडीलच्या ब संघात दोन सीझन खेळला. पुढची चाळीस वर्षं त्याने त्यावरच काढली.

"तू किती मॅच बघितल्यास आजी?" लेकीने विचारलं.

"एक बी न्हाई."

हे मला माहीत होतं, पण असं आकड्यात कधी ऐकलं नव्हतं. शाहू स्टेडियम आजोळच्या घरापासून चार-पाच गल्ल्यांवर. घरातले पुरुष दुपारीच जेवून निघायचे. बायकांनी जायचं नाही असं कुणी सांगितलेलं नव्हतं, पण कुणी गेलंही नव्हतं. आई आणि आजी गच्चीवर सांडगे घालत, पापड उलटत बसायच्या, आणि मॅच ऐकायच्या.

"ऐकायच्या म्हणजे? रेडिओवर?"

"कसला रेडिओ! कानानं. पाटाकडीलचा गोल झाला की आवाज उसळून यायचा, आपल्या अंगावर आल्यागत. शिवाजीवाल्यांचा झाला की लांबून, पलीकडनं यायचा. आणि 'हाऽऽ' करून मधीच तुटला, म्हंजे बॉल बारला लागला. आण्णा घरी यायच्या आधी आम्हाला निकाल ठावं असायचा. त्यांच्या चेहऱ्याकडं बघायचं, चहात साखर किती घालायची ते ठरवायचं."

मॅडिसनच्या आसपास तिचा डोळा लागला.

मुक्काम विस्कॉन्सिन डेल्सला. वॉटरपार्कांची राजधानी म्हणवून घेणारं गाव. रस्त्याच्या कडेला उलटं बांधलेलं व्हाइट हाउस आहे, छप्पर जमिनीत आणि पाया आकाशात. ते पाहून आई म्हणाली, "पैसा जास्त झाल्यावर असंच हुतंय." मोटेलच्या खोलीला क्लोरीनचा वास आणि एसीला ट्रॅक्टरचा आवाज. नाव लिहीत नाही. एक रात्र कुठेही निघते.

शुक्रवार, २२ जुलै. डेल्स ते ॲपल व्हॅली

टोमा गावाशी आय-नाइन्टी हा महामार्ग डावीकडे ला क्रॉसला जातो आणि आय-नाइन्टी-फोर वरच्या बाजूला, मिनेसोटाकडे. त्या फाट्यापासून पुढे पाइनची झाडं सुरू होतात आणि डोळ्यांना बरं वाटायला लागतं. या भागात क्रॅनबेरीचं पीक होतं. आईला शेताच्या चौकोनी खाचरांत पाणी दिसलं आणि ती भाताचीच म्हणून बसली. मीही वाद घातला नाही.

ब्लॅक रिव्हर फॉल्सला क्विक ट्रिपवर थांबलो. विस्कॉन्सिनमधून जायचं आणि क्विक ट्रिपला थांबायचं नाही, म्हणजे पुणे-कोल्हापूर रस्त्यावर साताऱ्याजवळ चहा न पिता जाण्यासारखं आहे. पेट्रोल पंपावर दूध, अंडी, कांदे आणि पौंडावर विकायला ठेवलेली केळी. आईने केळ्यांचा घड उचलून, देठ दाबून, वास घेऊन परत ठेवला. "परवा येताना घिऊ. आज पिकली न्हाईत."

गाडीत लेकीने तिचा विषय काढला. ती गोलकीपर. ऑरोराच्या गोलरक्षकांत यंदा सारा फुलर आहे, हे तिला तोंडपाठ. फुलर व्हँडरबिल्ट विद्यापीठात शिकत असताना २०२० साली तिथल्या पुरुषांच्या अमेरिकन फुटबॉल टीमला किक मारणारं कुणी उरलं नाही, म्हणून सॉकरच्या टीममधून हिला बोलावलं. कॉलेजांच्या पाच मोठ्या गटांच्या (कॉन्फरन्सच्या) फुटबॉलमध्ये गुण मिळवणारी ती पहिली बाई. लेकीने हे सगळं आजीला इंग्रजाळलेल्या मराठीत सांगितलं. आजीला अमेरिकन फुटबॉल माहीत नाही, त्यामुळे तिने त्यातून एवढंच काढलं की पोरं कमी पडली म्हणून पोरीला घेतली. मला वाटतं, तेवढं पुरे आहे.

मग आईने तो प्रश्न विचारला जो मी हंगामभर टाळत होते.

"एवढी तिकिटं विकत्यात. पोरींना किती मिळतंय?"

"काही नाही."

"काही न्हाई म्हंजे?"

म्हणजे पगार नाही. या लीगमधल्या बहुतेक मुली कॉलेजात शिकतात आणि ऑगस्टपासून आपापल्या विद्यापीठासाठी खेळतात. कॉलेज खेळांचा नियम असा की खेळण्याचे पैसे घेतलेस की कॉलेजकडून खेळायचा हक्क गेला, आणि त्याच्याबरोबर शिष्यवृत्तीही. गेल्या वर्षीपासून स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसे घ्यायला मोकळीक मिळाली, पण मैदानावर धावायचे २०२२ मध्ये तरी नाहीच. म्हणून हंगाम मे ते जुलै, कॉलेजच्या दोन सत्रांच्या मधल्या फटीत बसवलेला. मुली उन्हाळाभर सकाळी कुठेतरी काम करतात, संध्याकाळी सराव करतात, शनिवार-रविवारी बसने दुसऱ्या राज्यात जाऊन खेळून येतात. बाहेरगावच्या असतील तर बऱ्याच ठिकाणी स्थानिक कुटुंबं त्यांना घरी ठेवून घेतात.

कागदावर याला 'पूर्वव्यावसायिक' म्हणतात. मराठीत आपण 'हौशी' म्हणतो. मला दोन्ही शब्द जरा सोयीस्कर वाटतात. हौस खेळणाऱ्याची असते, मान्य. पण तिकीट, जर्सी, पार्किंग, बिअर यांत हौस कुणाची नसते. खेळापायी मुलीचं शिक्षण निघतं हे खरं, आणि शिक्षणात नि खेळात मुलींना बरोबरीचा हक्क देणाऱ्या १९७२ च्या टायटल नाइन कायद्यामुळेच तेवढं तरी मिळतं हेही खरं. त्या कायद्याला गेल्या महिन्यात ५० वर्षं झाली. तरीपण. मी स्वतः मालकीण असल्याने जास्त बोलत नाही.

आईने थोडा वेळ विचार केला. "तुझ्या मामाला मॅच झाल्यावर मिसळ मिळायची."

हडसनला सेंट क्रॉय नदी ओलांडली की मिनेसोटा. पुलावरून खाली होड्यांची गर्दी दिसली. तिथून तासाभरात मैत्रिणीच्या घरी, ॲपल व्हॅलीला. ती माझ्यासारखी शंभरवाली नाही, तिने पाचशे घातलेत, त्यामुळे जेवताना तिचा शब्द शेवटचा होता. पिठलं, भाकरी, ठेचा आणि ऑरोराच्या हंगामाचं कीर्तन. हार्टलँड विभागात ग्रीन बे, शिकागोच्या दोन, सेंट लुइस, कॅन्सस, मिलवॉकी. बारा सामने, अकरा जिंकले, एक बरोबरीत. तो बरोबरीचा म्हणजे अगदी पहिलाच, २६ मेला ग्रीन बे ग्लोरीविरुद्ध, १-१. बघायला ५,२१९ माणसं आली होती. "वीस वर्षं इथे राहते, पण पार्किंगमध्ये अनोळखी माणसं एकमेकांना 'तू पण मालक का?' असं विचारताना पहिल्यांदा ऐकलं," मैत्रीण सांगत होती. प्रशिक्षक निकोल लुकिच. तिच्याबद्दल बोलताना मैत्रिणीचा सूर एकदम आदरार्थी होतो, जसा आपला राहुल द्रविडबद्दल होतो.

एक गंमत. त्याच २६ मेला भुवनेश्वरच्या कलिंग स्टेडियमवर इंडियन विमेन्स लीगचा शेवटचा सामना झाला. गोकुळम केरळाने सेतू एफसीला ३-१ ने हरवून विजेतेपद राखलं. मी तो फोनवर पाहिला. आपली ती लीग देशाची सर्वोच्च. बारा टीम, पण यंदाचा अख्खा हंगाम भुवनेश्वर या एकाच शहरात, दीड महिन्यात उरकलेला. केरळच्या टीमची मॅच केरळात नव्हती. मग गल्ली कशी उभी राहणार तिच्यामागे? इथे खालच्या पायरीच्या लीगमध्ये प्रत्येक टीमला स्वतःचं गाव आहे आणि निम्मे सामने त्या गावात होतात. फरक पैशाचा आहे, पण तेवढाच नाही.

लेकीला वर्षाच्या सुरुवातीला मुंबई-पुण्यात झालेला आशियाई कप आठवला. नवी मुंबईत २३ जानेवारीला भारत-तैपेई सामना होता. सकाळी उठून बघायचा म्हणून तिने गजर लावून ठेवलेला. भारताच्या संघात कोविड शिरला, तेरा खेळाडूसुद्धा उभ्या करता येईनात. सामनाही गेला आणि स्पर्धाही. "आय वॉज सो मॅड," ती म्हणाली. आईने तिच्या ताटात आणखी पिठलं वाढलं.

शनिवार, २३ जुलै. ईगन

सकाळी आईच्या आग्रहाखातर मेपल ग्रोव्हच्या देवळात. मोठ्या सभामंडपात वेगवेगळ्या देवांची छोटी छोटी देवळं, प्रत्येक आपापल्या प्रांताच्या घाटाचं. आईने सगळ्यांपुढे सारख्याच वेळ हात जोडले. परतताना मिनेहाहाचा धबधबा पाहिला. आंबोली पाहिलेल्या बाईला ५३ फुटांचं काय कौतुक! पण खाली उतरून पाण्यात पाय बुडवून बसली. "गार हाय," एवढं बोलली.

टीसीओ स्टेडियम हे मिनेसोटा व्हायकिंग्ज या अमेरिकन फुटबॉल टीमच्या मुख्यालयाच्या आवारात आहे. साधारण सहा हजारांचं, चहूबाजूंनी जवळ. पहिल्या रांगेतून खेळाडूचा श्वास ऐकू येईल इतकं. आम्ही दीड तास आधी पोचलो तरी पार्किंगमधून चालत यावं लागलं. चालणाऱ्यांत निम्म्याहून जास्त बायका आणि मुली. मुलींच्या अख्ख्या टीमच्या टीम आपापल्या क्लबचे शर्ट घालून रांगेत. आजोबा नातीचा हात धरून. दोन बायका, साठीच्या, गळ्यात ऑरोराचे स्कार्फ, जुलैच्या उकाड्यात लोकरीचे. त्यातली एक मुद्दाम आमच्यापाशी थांबून आईच्या पातळाचा काठ बघून म्हणाली, रंग अगदी टीमचा आहे. आईचं पातळ मोरपंखी होतं. मला वाटलं योगायोग. नंतर मैत्रिणीने सांगितलं की आईने काल रात्री तिला टीमचा रंग विचारून घेतला होता.

गोलमागे रेवोन्टुलेट नावाचा पाठीराख्यांचा जथा उभा होता. फिनिश भाषेत ऑरोराला हाच शब्द आहे, शेपटीने बर्फ उडवणाऱ्या कोल्ह्याची आग. ढोल, झेंडे, अखंड गाणी. आईने कान देऊन ऐकलं. "हलगी न्हाई व्हय? हलगी पायजे हुती." मग थोड्या वेळाने, "पण हाताला बरी हायत पोरं."

सामन्याचं सगळं वर्णन करत नाही. निकाल सगळीकडे आहे. मला आठवतात ते तुकडे. खेळ सुरू झाल्यावर आईने चप्पल काढून पाय वर घेतले आणि सोफ्यावर बसावं तशी मांडी घातली. पहिली दहा मिनिटं ती खेळ बघतच नव्हती, माणसं बघत होती. मग टॉरमेंटाची एक मुलगी आमच्या बाजूच्या साइडलाइनवर पडली, उठली, मोज्यात खुपसलेलं शिनगार्ड नीट केलं, तोंडावरचा घाम हाताने पुसून पुन्हा पळाली. त्यानंतर आईची नजर मैदानावरून हलली नाही. "अगं ही बघ की डावीकडं मोकळी हाय! दे की!" समोरच्या रांगेतला माणूस वळून हसला. त्याला शब्द कळले नसतील, पण अर्थ कळला असणार, कारण तोही तेच ओरडत होता.

टॉरमेंटा चिवट टीम होती. स्पॅनिशमध्ये टॉरमेंटा म्हणजे वादळ. स्टेट्सबरो हे लहानसं विद्यापीठाचं गाव. त्यांचे मोजके लोक एका कोपऱ्यात बसलेले, पण प्रत्येक चेंडूला उठत होते. पाहुण्यांचा कोपरा आईने आल्या आल्या हेरून ठेवला होता. "शिवाजीवाले तिकडं बसल्यात," असं तिने लेकीला दाखवलं. उत्तरार्धात कधीतरी ध्वनिवर्धकावरून उपस्थितीचा आकडा आला. ६,४८९. लोक स्वतःसाठीच टाळ्या वाजवत उभे राहिले. मालक होते ना बरेचसे.

नव्वद मिनिटं संपली तेव्हा १-१. जादा वेळ. पंधरा-पंधरा मिनिटं.

"मग टायब्रेकर," आई म्हणाली. कोल्हापूरकरांना टायब्रेकरचं वेगळं प्रेम आहे. "पण त्याच्या आधी मला जाऊन यायला पायजे."

आई अडुसष्ट वर्षांची आहे आणि तिने लिंबू सरबताचा मोठा ग्लास संपवला होता. मी लेकीला जागेवर बसवलं आणि आईला घेऊन स्टँडच्या मागे गेले. तिथे रांग. अर्थात रांग. आमच्यासारखाच विचार पन्नासेक बायकांनी केलेला. सगळ्या माना वळवून, टाचा उंचावून फटीतून मैदान दिसतंय का बघतायत. एक मुलगी फोनवर बघत होती, पण फोन पाऊण मिनिट मागे. वर काँक्रीट, पलीकडे ढोल, गाणी, आणि गर्दीचा तो सलग घुमणारा आवाज.

आवाज तुटला.

एकदम नाही. आधी ढोल अडखळला. मग खूप लांबून, पलीकडच्या कोपऱ्यातून एक बारीक, टोकदार आरोळी आली. पन्नासेक गळ्यांची असेल. आणि आमच्या डोक्यावरच्या काँक्रीटमध्ये काहीच नाही. सहा हजार माणसं गप्प.

रांगेतल्या सगळ्याजणी एकमेकींकडे बघत होत्या. फोनवाली मुलगी म्हणाली, काय झालं, काही दिसत नाहीये अजून.

"गोल झाला," आई म्हणाली. "आपला न्हाई."

मी तिच्याकडे बघत राहिले. तिने डोळे मिटलेले होते, मान जराशी डावीकडे कललेली. पाऊण मिनिटाने फोनवाल्या मुलीने तोंडावर हात ठेवला.

आम्ही परत जागेवर आलो तेव्हा लेकीचे डोळे भरलेले. उरलेला सगळा वेळ ऑरोरा हल्ल्यावर हल्ले करत होती, आणि आई आता काही बोलत नव्हती, नुसती लेकीच्या पाठीवर हात ठेवून बसली होती. शिट्टी झाली. २-१. पहिल्या वर्षीचा यूएसएल डब्ल्यू लीगचा चषक स्टेट्सबरोला गेला. अख्ख्या हंगामात एकही सामना न हरलेली टीम शेवटच्या दिवशी हरली.

कुणी उठून गेलं नाही. हे लिहायलाच हवं, कारण पाटाकडील हरली की स्टेडियम पाच मिनिटांत रिकामं होतं आणि उरतो तो पोलीस बंदोबस्त. इथे लोक उभे राहिले आणि टाळ्या वाजवत राहिले, आधी टॉरमेंटासाठी, मग स्वतःच्या पोरींसाठी. उत्तरेकडचा उजेड उशिरापर्यंत रेंगाळतो, पण आता तोही गेला होता. दिव्यांखाली मुली मैदानभर बसलेल्या, काही आडव्या. मग त्या उठल्या आणि कठड्याच्या कडेकडेने सह्या द्यायला आल्या. हरलेल्या, रडलेल्या, सह्या देत होत्या. लहान मुली मार्कर पुढे करत होत्या.

लेकीने तिचा ग्लोव्ह आणला होता. एक खेळाडू थांबली. नाव सांगत नाही, चेहरा लालबुंद, नाक ओढत होती, माझ्या लेकीपेक्षा पाच-सहा वर्षांनीच मोठी असेल. तिने सही केली, कुठल्या क्लबकडून खेळतेस म्हणून विचारलं. आणि मी अडवायच्या आत आईने कठड्यावरून दोन्ही हात पुढे करून त्या मुलीच्या गालांवरून फिरवले आणि स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली.

मुलगी दचकली. "शी इज टेकिंग अवे द बॅड लक," लेकीने घाईघाईने सांगितलं.

"शी शुड हॅव कम अर्लियर," मुलगी म्हणाली, आणि हसता हसता पुन्हा रडली.

रविवार, २४ जुलै. परत

एकादशी. सकाळी मैत्रिणीच्या स्वयंपाकघरात आईने साबुदाण्याची खिचडी केली. तिची करतानाची शिस्त अशी की खिचडी मोकळी झाली नाही तर दिवस वाईट जातो. मोकळी झाली.

एका दिवसात चारशे मैल. लेक हडसनच्या पुलाआधीच झोपली, ग्लोव्ह मांडीवर. ओ क्लेअरपर्यंत कुणीच बोललं नाही. मग आई म्हणाली, "पुढच्या वर्षी वर्गणी किती हाय?"

मी सांगितलं की ती एकदाच द्यायची असते, आणि आता घेणं बंद आहे. तिला ते पटलं नाही. वर्गणी बंद होते हे तिने आयुष्यात ऐकलं नव्हतं.

ब्लॅक रिव्हर फॉल्सला त्याच क्विक ट्रिपवर थांबलो. केळी आता पिकलेली होती. आईने दोन घड घेतले, एक गाडीत संपला. गाडीजवळ उभी राहून तिने मामाला फोन लावला. कोल्हापुरात रात्रीचे साडेअकरा वाजून गेलेले, पण मामा जागाच असतो. स्पीकर चालू होता. तिकडे पाऊस, इकडे ट्रकचे आवाज, त्यामुळे दोघंही ओरडून बोलत होते.

"बघितलीस व्हय मॅच?"

"बघितली की. दोन-एक. जादा वेळात गेली."

"कुणी घातला गोल?"

"ते मी बघितलं न्हाई. ऐकलं."

तिकडे जरा वेळ काहीच नाही. मग मामाचं हसणं. मग त्याने डिफेन्स कसा होता, विंगवरून खेळत होत्या का, कीपर पुढे येत होती का, असं एकेक विचारायला सुरुवात केली, आणि आईने प्रत्येकाचं उत्तर दिलं. मधल्या फळीला पास द्यायला वेळ लागत होता. आठ नंबरची पोरगी दमली होती, तिला आधीच बाहेर काढायला हवी होती. मी शेजारी उभी राहून साल हातात धरून ऐकत होते. यातलं निम्मं माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

"आणि काय?" मामाने विचारलं.

"आणि काय न्हाई. इथं पेट्रोल पंपावर केळी लई चांगली मिळत्यात," आई म्हणाली. "ठेवतो आता, ही पोरगी थांबलीया."